बिनवासाचा रस्सा

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर आई रडली नाही. तिने मसाल्याचा डबा माझ्या पिशवीत कपड्यांच्या मधोमध खुपसला आणि म्हणाली, "तिकडचं फिक्कं खाऊन वाळून नको जाऊ वो." बाबा मला पुण्यातल्या कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा विचारत होते, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने. नव्वदीचा शेवट होता; कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या आमच्याकडच्या पोरी पहिल्यांदाच इतक्या लांब निघाल्या होत्या. मला मात्र कधी एकदा बस सुटते असं झालं होतं.

नारायण पेठेत एका काकूंकडे माडीवरची खोली मिळाली. काकू एकट्या, शिस्तीच्या. स्वयंपाकाला परवानगी होती. पहिल्याच रविवारी मी बेसनाच्या पाटवड्यांचा रस्सा करायला घेतला. खोबरं-खसखस भाजली, दगडफूल तेलात टाकलं, आणि काकू दारात. "अहो, स्वयंपाक करा की, नाही कोण म्हणतंय? वास तेवढा येता कामा नये." मी मान डोलावली. एकट्या मुलीला एवढ्या कमी भाड्यात दुसरी खोली कोण देणार होतं?

मग मी बिनवासाचा रस्सा शोधून काढला. भाजणं बंद, फोडणी बंद. कच्चा मसाला थेट उकळत्या पाण्यात, वर घट्ट झाकण. रंग तोच लालभडक. खाल्ला तर मीठ कळलं, तिखटाने जीभ पोळली, आणि पुढे काहीच नाही. आधी मी पाण्याला दोष दिला, मग पुण्यातल्या खोबऱ्याला. कित्येक महिने तेच गिळत राहिले आणि आईला फोनवर छान चाललंय म्हणून सांगत राहिले.

पावसाळ्यात काकूंना सर्दी झाली. नाक पार चोंदलं. त्या आमटीची वाटी घेऊन वर आल्या. दुकानदाराने गोडा मसाला भेसळीचा दिला, आमटीला चवच नाही, अशी तक्रार. मी चाखली. चिंच, गूळ, मसाला, सगळं जागच्या जागी होतं, जिनाभर दरवळत होतं. काकूंना मात्र नुसतं आंबट-गोड लागत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिभेला फार तर आंबट, गोड, खारट, कडू एवढंच समजतं. ही आमटी की पाटवड्यांचा रस्सा, हे घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास ठरवतो. माझ्या पाण्यात, खोबऱ्यात काही खोट नव्हती. वास मीच मारला होता.

"काकू, मसाला उत्तम आहे," मी म्हणाले. "तुमचं नाक बंद आहे. वास येता कामा नये म्हणता ना? तो आला नाही की जेवण असं लागतं."

काकूंनी वाटी उचलली. "नाकाचं आम्हाला शिकवू नका. इथे राहायचं तर इथल्यासारखं राहा."

मला राग आला, आणि आला ते बरंच झालं. त्याच संध्याकाळी खिडकी सताड उघडून मी दगडफूल तेलात टाकलं. पहिला घास तोंडात गेला आणि मला सरळ रडू फुटलं. इतक्या महिन्यांत घरची आठवण अशी आली नव्हती. महिनाअखेर खोली गेली. ऑफिसातल्या दोघींबरोबर मी बिबवेवाडीत बिऱ्हाड केलं, ऑफिसपासून लांब, पण फोडणी देता येईल असं.

आता तिथेच माझा स्वतःचा फ्लॅट आहे. मीटिंगमध्ये किंवा मुलीच्या शाळेत माझं बोलणं ऐकून कोणी मला भंडाऱ्याची म्हणणार नाही. गावी गेले की बहिणी हसतात, "पुण्याचं बोलून राहिली ही." त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. ऑफिसात आमच्याकडून नव्याने आलेल्या पोरी कँटीनमध्ये डबा अर्धवटच उघडतात, शेजाऱ्याला वास जाईल म्हणून. त्यांना मी जवळ बसवते आणि झाकण पूर्ण काढायला लावते. बोलणं मी या शहराला देऊन टाकलं, कोणी मागायच्या आधीच. पण कढईत तेल तापलं की नाकात जे भरतं ते माझं घर आहे, आणि ते मी कोणाला विचारून शिजवणार नाही.