कासूच्या आत्याच्या कुरळ्या शेळ्या

सुमनआत्या गेली हे मी रामवाडीला आईला फोन करून सांगितलं, तर आई म्हणाली, "पुरे झाली तुझी नाटकं." चूक तिची नाय. आत्याच्या आवाजात फोन करून मी तिला किती वेळा फसवलंय... त्या दिवशी मला माझाच आवाज नीट काढता येईना.

आत्या कासूला राहायची, मी बहुतेक तिच्याकडेच. तिने घाटावरून दोन अंगोरा शेळ्या आणल्या, तेव्हा निम्मं गाव बघायला आलं. पांढऱ्याशुभ्र, अंगभर कुरळे केस. शेजारची काकी म्हणाली, "मेंढरं हायत काय गो?" आत्या म्हणाली, "शेळ्याच हायत. पार्लरला जाऊन आल्यात." आमच्या दमट हवेत त्या टिकायच्या नायत, असं सगळे म्हणत होते. आत्याने बांबूचा उंच माच बांधला, पावसाळाभर त्यांना कोरडं ठेवलं, वर्षातून दोनदा केस कातरले, त्याचं सूत काढून स्वेटर विणले. दोनाच्या पाच झाल्या.

रोह्याला हस्तकलेचं प्रदर्शन असलं की मी तिच्या स्टॉलवर. माणसं घाम पुसत विचारायची, "इथे स्वेटर कोण घालणार?" "तुम्ही नका घालू. थंडीच्या गावात कोण असंल त्याला पाठवा," एवढं बोलून आत्या स्वेटर त्यांच्या हातावर ठेवायची आणि पाठ फिरवून विणत बसायची. मी शेजारी कंडक्टरच्या आवाजात, "चला, काश्मीर, काश्मीर..." माणसं माझ्यापाशी हसायची आणि वस्तू तिच्याकडून घ्यायची.

संध्याकाळी ती माळावर हाक मारायची, "या गो बायांनो..." शेळ्या लगेच निघायच्या. ती हाक मी हुबेहूब काढायचे. शेळ्या मान वर करून बघायच्या, परत चरायला लागायच्या. आत्या पोट धरून हसायची. "माणसं फसतील गो, त्या नाय फसायच्या."

ती गेल्यावर शेळ्या माळावरून हलेनात. एकेकीला ओढत आणावं लागे, त्यात पाऊस. आत्याचे यजमान, आमचे मामा, कंटाळून म्हणाले, "ऐकत नसतील तर देऊन टाकू. व्यापारी विचारतोय."

चार दिवस मी माळावर उभी राहून हाका मारल्या. अगदी तिच्या खोकल्यासकट. पाची जणी नुसत्या बघत राहिल्या. पाचव्या दिवशी मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये, म्हणून हाक मारली, पाठ फिरवली आणि घराकडे चालू लागले... मागून खुरांचा आवाज आला.

आत्या हाक मारून कधी वाट बघत उभी राहायची नाय. तिचं सगळं मी उचललं होतं, तेवढं राहिलं होतं.

मामांनी व्यापाऱ्याला नको सांगितलं. गेल्या आठवड्यात शेळ्यांचे केस मी कातरले. एकीची मान जरा उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, पण तिची तक्रार नाय. माझा पहिला स्वेटर रोह्याच्या प्रदर्शनात ठेवणार आहे. एक बाही लांब झालीय, तसलं गिऱ्हाईकही कुठेतरी असेलच.

रोज संध्याकाळी माळावर जाते. हाक मारते, पाठ फिरवते, चालायला लागते. मागे वळून बघावंसं फार वाटतं. बघत नाय.

येतात.