आधी खा, मंग बोल

भिसेगावातल्या आमच्या मावशीला ऐकीव कौतुकही चालत नसे. "तुमच्या तांदळाच्या भाकरीचं फार ऐकलंय," असं कुणी म्हणालं, की ती तव्यावरची ताजी भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "आधी खा, मंग बोल." तक्रार घेऊन येणाऱ्यालाही तोच न्याय. लग्नातल्या भाकऱ्या कडक झाल्या म्हणून भांडायला आलेला एक वरबाप तिच्या ओट्यावर बसून पोटभर जेवला आणि वर सुकटीची चटणी मागून गेला.

ती भाकरी लाटत नसे, पाण्याच्या हाताने थापायची. कडेला तिच्या बोटांचे ठसे उमटत. आसपासच्या फार्महाऊसांवर शनिवार-रविवारी तिचे डबे जात, त्यावर तिचं घर चाले. तिच्याकडे साधा फोन. माझ्याकडे मात्र फेसबुकवरचा गावचा ग्रुप होता आणि ॲडमिनपणाचा तोरा होता. कुणी काही लिहिलं, की मी मान्य केल्यावरच ते गावाला दिसायचं.

एकदा फार्महाऊसवरच्या एका पाहुण्याने भाकरीत झुरळ असलेला फोटो मावशीची भाकरी म्हणून ग्रुपवर पाठवला. तिचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. जाऊन विचारायचं सोडून मी अंगठा दाबून तो मान्य केला. गावाला सावध करतोय, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर ग्रुपवर गर्दी जमेल याचाच आनंद जास्त होता.

गर्दी जमलीही, पण बायका मावशीच्या बाजूने उतरल्या. शेजारच्या सुमनकाकूंनी लिहिलं, "ही भाकरी लाटलेली हाय. मावशीची असती तर कडेला बोटं दिसली असती." त्याखाली कितीतरी जणींनी होकार भरला. शेवटी पाहुणाही वरमला. जेवण दुसरीकडचं होतं, असं त्याने कबूल केलं. मी जाऊन मावशीला सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते तसंच. लोकांना वाचू दे."

मला मात्र माझी लाज झाकायची होती. घरी आलो आणि ती पोस्टच उडवली. तिच्याबरोबर सुमनकाकूंचं बोलणं गेलं, त्या बायकांचं गेलं, पाहुण्याची कबुलीही गेली. फोटो तेवढा आधीच या फोनवरून त्या फोनवर करत खालापूरपर्यंत पोचला होता, तो फिरतच राहिला. फार्महाऊसवाले विचारायचे, तेव्हा त्यांना दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एकेक करत डबे बंद झाले आणि मावशी लोधिवलीला लेकीकडे राहायला गेली. जाताना भांडली असती तर बरं वाटलं असतं. "वाईट तेवढं ठेवलंस नि चांगलं पुसलंस रं," एवढंच म्हणाली.

परवा धीर करून लोधिवलीला गेलो. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. तिच्यासमोर बसून सुरुवात केली, तर तिने ताटली पुढे सरकवली.

"आधी खा, मंग बोल."

भाकरीच्या कडेला तिचीच बोटं होती. भाकरी संपली तरी मला तोंड उघडवेना. तिने दुसरी वाढली.