नाखव्यांची पाचवी सुपारी

गाडी बिघडून आली की कुठलाही मिस्त्री आधी बॉनेट उघडतो. नाखवा सरळ गाडीच्या मागे जात, सायलेन्सरपाशी उकिडवे बसत आणि खांद्यावरचं पांढरं फडकं धुरासमोर धरत. मग ते उजेडात नेऊन असं काही निरखत, की मालकाला वाटावं, आता औषधाची चिठ्ठीच लिहून देणार. "गारीचा तोंड खोटा बोलंल," ते म्हणत, "शेपटी नाय बोलनार." फडकं रोज स्वच्छ धुतलेलं असे. अंगातला सदरा मूळचा कुठल्या रंगाचा होता, हे मात्र त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. यांच्याकडे होडी उरली नव्हती, नाव तेवढं राहिलं होतं. खाडीत भराव पडू लागला, मासळी हटली, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि तिचं डिझेल इंजिन ठेवून घेतलं. त्याच इंजिनावर हात बसलेला हा माणूस पुढे द्रोणागिरीच्या पायथ्याशी, उरणच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करू लागला. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. बंदराच्या कामावर असलेल्या एका कंत्राटदार कंपनीत गाड्यांची देखभाल बघायला मी लागलो होतो. डिप्लोमा ताजा, वय चोवीस, आणि आपल्याला सगळं कळतं याची बालंबाल खात्री. कंपनीच्या झाडून सगळ्या गाड्या नाखव्यांकडे जात आणि त्यावरच त्यांची शेड चाले.

आमच्या मोठ्या साहेबांनी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरची डिझेल गाडी विकत घेतली. तिला टर्बो होता. त्या काळात आमच्याकडे मोटारीला टर्बो असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी नाखव्यांसमोर कागदावर आकृत्या काढून अर्धा तास व्याख्यान झोडलं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे फुकनी. चुलीचा धूर वाया जातं, त्याच धुरानं चाक फिरवायचा, नि त्या चाकानं चुलीलाच फुकर मारायची. बरा हाय." माझ्या अर्ध्या तासाचा त्यांनी एका दमात निकाल लावला. त्या दिवसापासून आमच्याकडे टर्बोला कुणी टर्बो म्हटलं नाही.

कामात त्यांचा एक नेम होता. पाइप सुटला की त्याच्या उघड्या तोंडात त्याच क्षणी चिंधीचा बोळा कोंबायचा. पाना हातातून ठेवायच्या आधी बोळा. "उघडा तोंड बगून ज्याचा हात कापडाला जात नाय, त्यानं मिस्त्री होऊ नये, न्हावी व्हावा," असं ते दुसऱ्या मिस्त्र्यांना खुशाल तोंडावर सुनावत. यात न्हाव्यांचा काय अपराध होता, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

ती गाडी चालवायचा नामदेव, साताऱ्याकडचा. कंपनीच्या एका खोलीत बायको आणि तीन मुलींसह राहायचा. गाडीवर त्याचा जीव होता, पण एक खोड होती: डिझेल वाचवायचं म्हणून गाडी थांबली रे थांबली की चावी फिरवून इंजिन बंद. टर्बोला हे बाधतं. त्याच्या चाकाच्या तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल जागीच करपून कोळसा होतं. मी त्याला दोनदा दटावलं होतं. त्यामुळे दसरा होऊन आठवडा झाला आणि साहेबांना पुण्याला नेताना खंडाळ्याच्या घाटात गाडीनं मान टाकली, निळा धूर ओकत ती ओढून आणावी लागली, तेव्हा माझ्या मनात खटला चालून निकालही लागला होता. साहेब म्हणाले, "ड्रायव्हरची चूक असेल तर काढून टाका." मी नामदेवला कामावरून काढल्याचं पत्र टाइप करून घेतलं आणि खिशात घालूनच शेडवर गेलो. मिस्त्रीनं कारण सांगून सही केली की पत्र द्यायचं, एवढंच बाकी होतं.

नाखव्यांनी नेहमीप्रमाणे मागून सुरुवात केली. फडक्यावर तेलाचे डाग उमटले. "फुकनी गेली," ते म्हणाले. टर्बो उतरवून त्यांनी तेलाची वाट आधी तपासली. तिच्यात बोट फिरवलं, ते स्वच्छ निघालं. "नामदेवनं जाळला असता तर हितं कोलसा मिलाला असता," ते म्हणाले. मग हवेच्या बाजूचं चाक बाहेर काढलं. त्याच्या दोन पात्यांच्या कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या. "पुरून, हवेच्या वाटेनं काय तरी आत गेलंय." त्यांनी हवेचा पाइप उलटा करून तळहातावर ठोकला. तपकिरी भुगा पडला. त्यांनी तो चिमटीत धरला, हुंगला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत जिभेवर ठेवला.

मग ते तिथेच जमिनीवर बसले.

"सुपारी हाय," ते म्हणाले.

खंडेनवमीला ही गाडी त्यांच्याकडेच होती, एअर फिल्टर उतरवलेली. शेडमधल्या पाच यंत्रांची त्यांनी पूजा केली, प्रत्येकावर विडा आणि विड्यावर गणपती म्हणून एक सुपारी. साहेबांच्या गाडीच्या पाइपाच्या तोंडात त्यांचाच बोळा होता, तेलकट, काळा. "पूजा करताना देवाच्या तोंडान कोन चिंधी ठेवील? मीच काढली. कुकू लावला, विरा ठेवला." संध्याकाळी आवरताना चारच सुपाऱ्या मिळाल्या. उंदरानं नेली असेल म्हणून त्यांनी उंदराला शिव्या घातल्या होत्या. पाचवी सुपारी उघड्या तोंडातून आत घरंगळून पाइपाच्या वाकणात अडकून बसली आणि घाटात इंजिननं जोरानं हवा ओढली तेव्हा चाकात गेली. विघ्नहर्त्यानंच विघ्न केलं म्हणून एरवी आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

"लिवा सायेब. चूक नाखव्याची."

मी इकडेतिकडे पाहिलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "नाखवा, हात दाखवून अवलक्षण कशाला? साहेब तुमचं सगळं काम बंद करतील. नामदेव तसाही इंजिन लगेच बंद करतोच." हे मी म्हणालो. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते, पण म्हणालो खरं. खिशातलं पत्रही काढून दाखवलं.

त्यांनी ते वाचायला लावलं, शांतपणे ऐकलं. "तीन पोरी हायेत त्याला," एवढंच म्हणाले. मग माझ्या हातून पत्र घेऊन त्यालाच बोटांचं तेल पुसलं आणि चुरगळून कचऱ्यात टाकलं. "नि त्याला यातला काय बोलू नका. घाटान गारी चालवनारा मानूस. नोकरी जानार व्हती असा कललं तर त्याचा हात कापंल."

पुढचे सहा दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. कळंबोलीच्या एका लेथवाल्याकडे बसून दांडा ज्यात फिरतो ते पितळी बूश आपल्या डोळ्यांदेखत कातून घेतले. चावलेल्या पात्या कानशीनं घासल्या, आणि एक पाती जेवढी घासली तेवढीच समोरचीही. दोन सुऱ्यांच्या धारेवर दांडा ठेवून चाक फिरवायचं, ते कुठे थांबतं ते बघायचं, जड बाजूला केसभर घासायचं, पुन्हा फिरवायचं. चाक दर वेळी वेगळ्या जागी थांबायला लागलं तेव्हा कुठे त्यांनी दांडा सुऱ्यांवरून उचलला. गाडी पहिल्यासारखी नाही, पण बरीचशी ओढू लागली. मजुरी त्यांनी घेतली नाही.

साहेबांनी खरं कारण वाचलं आणि कंपनीच्या सगळ्या गाड्या दुसरीकडे हलवल्या. तो निरोप पोचवायचं काम अर्थातच माझं. नाखवा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचा. मी मालक असतो तर मीबी हलवल्या असत्या." नंतर शेड चालली ती खाडीतल्या उरल्यासुरल्या होड्यांवर आणि एखाद्या वाट चुकलेल्या ट्रकवर. मी मात्र रविवारी वाशीच्या माझ्या घरून मुद्दाम तिकडे जात राहिलो. यंत्राबद्दल मला जे काही कळतं, ते डिप्लोमानंतरच्या त्या रविवारांनी शिकवलं. चूक सापडली की आधी आपले हात तपासायचे, हे त्यांनी कधी शब्दांत सांगितलं नाही. त्यांच्यावर माझं फार प्रेम होतं, आणि तेही मी कधी शब्दांत सांगितलं नाही.

नामदेवला एवढंच कळलं होतं, की नाखव्याच्या सुपारीनं आपली गाडी मोडली. त्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. "द्येवाधर्माच्या नादात माज्या गाडीचं वाटुळं केलं," असं चारचौघांत सांगायचा. मी एकदा नाखव्यांना म्हणालो, आता तरी त्याला सांगून टाकतो. ते हसून म्हणाले, "ऱ्हाऊं दे. माज्यावर रागावलाय तवर सोताच्या गारीला जपंल."

चार वर्षांनी पावसाळा संपता संपता नाखवा गेले, तीन दिवसांच्या तापात. मी नामदेवला जवळजवळ ओढूनच त्यांच्या घरी घेऊन गेलो. तो दाराबाहेरच उभा राहिला. परतताना, बंद शेडसमोरून गाडी नेताना, तो म्हणाला, "मानूस बरा हुता सायेब. पर त्या गाडीचं लई वंगाळ केलं त्यानं."

मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. साहेबांचं बोलणं, माझ्या खिशातलं टाइप केलेलं पत्र, आणि ते कुणी चुरगळलं तेही. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"सायेब," तो म्हणाला, "हितनं गाडी गेली की रोज हात करायचा त्यो मला. चार वर्सं. म्या काच वर घ्यायचो."

मी त्या दिवशी जे सांगितलं, ते चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.