मालन मनोहर साळवे

शास्त्री नगरात आमच्या खालच्या मजल्यावर मालनमावशी राहतात. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. यजमान मनोहरराव रेल्वेत होते म्हणून जयपूर. ते वारले तरी या इथंच राहिल्या. सत्तरी ओलांडली, पण तोंड भारी. "सुवर्णा, तुझ्या पोळ्या वातड होतात गं," हे मला जिन्यात उभं राहून ऐकवतील. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमतं.

एकाच गोष्टीवर त्यांचा आवाज खाली जायचा. पहिली लेक पाळण्यात घालायच्या आधीच गेली. मावशी तेव्हा दवाखान्यात, तापानं बेशुद्ध. मनोहररावांनी घाईनं बाळाचा बाप्तिस्मा करून घेतला, नंतर एकट्यानं पुरून आले, आणि पुन्हा कधी तो विषय काढू दिला नाही. नाव काय ठेवलं तेसुद्धा सांगितलं नाही. "प्रार्थनेत तिला नुसतं बाळ किती दिवस म्हणू?" मावशी विचारायच्या. नवरा गेला, पण त्याच्यावरचा हा राग गेला नाही.

शेवटी मीच वैतागले. म्हटलं, उठा, चर्चमध्ये नोंद असणार. पादरीसाहेबांनी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढलं आणि त्या सालातल्या नावांवरून बोट फिरवत गेले.

"साल्वे तो एक ही है, माँजी. मालन मनोहर. मतलब आप ही."

रजिस्टर मिटलं. "म्हणजे नावच ठेवलं नाही त्यांनी," एवढंच बोलून मावशी उठल्या. मला फार वाईट वाटलं. उगाच आणलं यांना, असंही वाटलं.

दारापाशी माझी ट्यूब पेटली. "मावशी, तुमचा बाप्तिस्मा कुठं झाला?"

"नगरला. लहानपणीच."

"मग तुमचं नाव इथं कशाला येईल? तुमच्या नावापुढं मनोहर लागतं, तसं तुमच्या लेकीच्याही लागणारच की."

पादरीसाहेबांनी पुन्हा पान काढलं. पुढच्या रकान्यात वय लिहिलं होतं, एक दिवस.

मावशी त्या ओळीवर हात ठेवून बसल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"डॉक्टरांनी माझीही आशा सोडली होती," त्या हळूच म्हणाल्या. "माझं नाव तरी मागं राहावं म्हणून ठेवलं असेल. आणि मग मीच वाचले. मालन गेली, हे त्यांनी मला कोणत्या तोंडानं सांगायचं?"

हल्ली सकाळी खालून प्रार्थनेचा आवाज येतो. त्यात मावशी स्वतःच्याच नावानं लेकीला हाक मारतात.