वास
बाजारात शेवंतीची पाटी दिसली, की नाशिकच्या दवाखान्यातली वीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे नाका-फुप्फुसांत चिकट स्राव साठत जाणारा, जन्मजात आणि जिवावरचा आजार. घट्ट शेंबडाने नाक सतत चोंदलेलं. नाक मोकळं व्हायला नेब्युलायझरची औषधी वाफ नाकाने ओढायची होती, पण ती तोंडानेच श्वास घेई. मी रडकुंडीला आले. शेजारच्या खाटेवरच्या आपल्या नातीला भेटायला आलेल्या फूलवाल्या आजींनी माझ्या लेकीच्या नाकाशी शेवंती धरली. “तोंड मिट अन् हुंग बरं!” “वास येत नाही,” लेक म्हणाली. “नाय आला तर नाय, हुंगत राहा.” आजी स्वतःही जोरजोरात हुंगू लागल्या. लेक हसली, मग तोंड मिटून हुंगू लागली, तसा मी अलगद वाफेचा मास्क लावला. रोज अशीच हुंगत ती वाफ घेऊ लागली. महिन्याभराने घरी मी फोडणी देताना ती ओरडली, “आई, हिंगाचा वास आला!” आज ती सव्वीस वर्षांची आहे. आजींना हे कळवायचं राहून गेलं, म्हणून मनातच हात जोडते.