मस्कतच्या कड्यावरची जहाजांची नावं

मित्रहो, आज छाती फुगलीय, म्हणून लिहितोय.

जुन्या मस्कत बंदराच्या कड्यावर खलाशांनी रंगवलेली जहाजांची नावं दाखवायला नात इराला नेलं. मी शाळेत पाठ केलेल्या समुद्राच्या कविता म्हणत होतो, आणि ती मोबाईलमध्ये. मराठी बोलायलाच लाजते पोर!

माझं मराठी ऐकून पुण्याच्या एका पर्यटक बाईंनी विचारलं, "ही अक्षरं कसली हो?"

मी तोंड उघडण्याआधीच इरा म्हणाली, "खलाशी यायचे ना, ते आपल्या जहाजाचं नाव लिहून जायचे. आम्ही भिंतीवर लिहिलं की ओरडा मिळतो!"

बाई हसल्या. "छान बोलतेस गं! कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. रोज बोअर करतात."

एवढा मोठा सन्मान मला आजवर मिळाला नव्हता. तुम्हीही नातवंडांना असंच बोअर करता ना?