पेवात सोडलेला दिवा

मांजरा नदीचा पूर गावातून ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बीदरहून घरी पोचले. आमचं गाव भालकी तालुक्यात, अगदी नदीकाठी. आई गेल्यापासून अप्पा तिथं एकटे राहतात. पुराचे दोन दिवस त्यांनी शाळेच्या गच्चीवर काढले होते. बीदरला या म्हणून किती वेळा सांगितलं होतं, यावरून मी आधी त्यांना मनसोक्त रागावले. मग गमबूट चढवले, हातात काठी घेतली आणि घराचा ताबा घेतला.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. त्यामुळं सगळं मलाच कळतं, असं माझं वागणं असतं. मेन स्विच बंदच ठेवायचा, वायरमन येईपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही, पाणी उकळूनच प्यायचं, असं मी अप्पांना दहादा बजावलं. खरं तर मी भेदरलेली होते. घरात घोटाभर चिखल होता. भिंतींवर कमरेच्या उंचीला ओली रेघ उमटली होती. भिजलेली गादी उचलली तर खालून साप निघाला आणि सळसळत मोरीकडं गेला. मी काठी उगारली.

"त्याचं बी घर बुडालंय, माय," अप्पा म्हणाले. "जाऊ दे त्याला."

त्यानंतर मी प्रत्येक वस्तू आधी काठीनं ढोसायची आणि मगच उचलायची. बादलीत साप, बुटात साप, डब्यामागं साप. दुसरं काही डोक्यात शिरतच नव्हतं.

अप्पांचा जीव मात्र अंगणातल्या पेवात अडकला होता. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, खाली पोट मोठं. आता गावात कुणी पेव भरत नाही. अप्पा भरतात, कारण त्यात ज्वारीला कीड लागत नाही. यंदा तोंडावरची फरशी आणि लिंपण ओलांडून पाणी आत गेलं होतं. वरची ज्वारी भिजली, पण कडेची आणि खालची अजून हाती लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. उशीर केला तर सगळीच जाणार होती.

शेजारचे अण्णा आणि अक्का मदतीला आले. अण्णांनी पेवाची फरशी सरकवली. आंबलेला वास आला. अप्पांनी कमरेला दोर बांधला, अण्णांनी दुसरं टोक लिंबाच्या खोडाला वेढा देऊन धरलं.

"आधी दिवा सोडून बघ," अप्पा मला म्हणाले.

मी घरात गेले. काडेपेटीचा लगदा झाला होता, कंदील चिखलात कुठं गेला कुणास ठाऊक. कमरेला खोचलेली बॅटरी होती, दिवसभर खाटांखाली मारत होते ती. तीच सुतळीला बांधून पेवात सोडली. खाली ज्वारीचा वरचा फुगलेला थर लख्ख दिसला. साप नव्हता.

"काही नाही, अप्पा," मी सांगितलं.

त्यांनी वाकून पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू. खाली उजेड आहे एवढं दिसलं आणि त्यांनी मान हलवली. मग ते उतरले.

"दोर ढिला सोडा," असं खालून ऐकू आलं. पुढं ते काहीतरी पुटपुटले, आणि मग काहीच नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. वाकून पाहिलं, तर अप्पा ज्वारीवर बसले होते आणि त्यांची मान छातीवर लोंबत होती. मी एक पाय पेवात घातलासुद्धा. अक्कानं माझी वेणी धरून मला मागं ओढलं.

"तू उतरलीस तर दोघं बी जाताल. दोर वढ."

आम्ही तिघांनी दोर ओढला. अरुंद तोंडातून त्यांचे खांदे खरचटत बाहेर आले. ओठ काळेनिळे पडले होते. श्वास चाललाय की नाही, ते मला कळत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अक्कानं त्यांची छाती चोळली, आणि बऱ्याच वेळानं त्यांना खोकला आला.

भालकीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर त्यांनी डोळे उघडले. पहिलाच प्रश्न, "दिवा तर जळायला होता की गं?"

मी पिशवीतून बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली. ऑक्सिजन संपला की ज्योत विझते, हे दरवर्षी सातवीच्या पोरांना पेल्याखाली मेणबत्ती ठेवून दाखवणारी मी, मला वाटलं होतं दिवा साप बघायला सोडतात. तेही मी सांगून टाकलं. अप्पा बराच वेळ बॅटरी चाचपत राहिले.

"पेव उघडताना पोरींना लांब उभं करायचो आम्ही," ते म्हणाले. "दिवा कामून सोडतेत, ते तुला म्या कधी सांगितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी अक्काच्या घरून पेटता कंदील मागवला, पेवाची फरशी सरकवायला लावली आणि मला अगदी तोंडाशी उभं केलं. मी कंदील दोरीनं खाली सोडायला लागले. हातभर खाली गेला नाही तोच तो विझला. अप्पांना मी पाच हात खाली पाठवलं होतं.